मृत समुद्राच्या गुंडाळ्या कोणी लिहिल्या, हा वाद कसा तपासावा

मृत समुद्राच्या वायव्य किनाऱ्याजवळ, कुमरान नावाच्या पडक्या वस्तीच्या आसपासच्या ११ गुहांमध्ये १९४७ ते १९५६ या काळात ९०० हून अधिक हस्तलिखितांचे अवशेष मिळाले. त्यांतील काही गुंडाळ्या जवळजवळ अखंड आहेत, तर बहुतेकांचे केवळ तुकडे उरले आहेत. ती चामड्यावर आणि पपायरसवर, मुख्यतः हिब्रू भाषेत, काही अरामी आणि थोडी ग्रीक भाषेत लिहिलेली असून इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून इ. स. पहिल्या शतकापर्यंतच्या काळातील आहेत. हिब्रू बायबलच्या त्यापूर्वी ज्ञात असलेल्या प्रमुख हस्तलिखितांपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी आहेत. ती कोणी लिहिली, यावर पंचाहत्तरहून अधिक वर्षे वाद चालू आहे. एसीन या प्राचीन यहुदी पंथाच्या लोकांनी, जेरुसलेममधील ग्रंथालयांनी, सदूकी या यहुदी पक्षाच्या परंपरेतील याजकांनी, आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी अशी परस्परविरोधी उत्तरे दिली जातात आणि प्रत्येक उत्तरामागे काही ना काही पुरावा दाखवला जातो.

हिब्रू न जाणणाऱ्या, परंतु या विषयावरील लेख आणि बातम्या लक्षपूर्वक वाचणाऱ्या मराठी वाचकाला असा एखादा दावा समोर आल्यावर तो कसा पारखावा, याची रीत येथे मांडली आहे. ज्यांनी हे ग्रंथ जपले, त्या माणसांनी स्वतःची नावे मागे ठेवली नाहीत. म्हणून त्यांना कोणतेही नाव देताना जबाबदारीने दिले पाहिजे, अशी माझी धारणा आहे.

प्रथम चार प्रश्न वेगळे करावेत

‘कोणी लिहिल्या’ या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेले असतात. मजकूर रचला कोणी, हाती असलेली प्रत उतरवली कोणी, ती प्रत बाळगली व वाचली कोणी, आणि शेवटी गुहेत ठेवली कोणी? या चारही प्रश्नांचे उत्तर एकच असेल असे मानण्याचे कारण नाही. एखाद्या मठात ज्ञानेश्वरीची जुनी पोथी सापडली, म्हणून ती त्या मठात रचली गेली असे आपण म्हणत नाही, आणि तेथेच उतरवली गेली असेही लगेच म्हणत नाही. मात्र कुमरानच्या बाबतीत हा विवेक सुटतो आणि गुहेजवळ राहणारे लोकच ग्रंथकर्ते ठरवले जातात, किंवा ते ग्रंथकर्ते नव्हते एवढ्यावरून त्यांचा ग्रंथांशी काहीच संबंध नव्हता असे सांगितले जाते.

हिब्रू बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची मोठी गुंडाळी घ्यावी. ती पहिल्या गुहेत मिळाली. १७ चामड्यांचे तुकडे शिवून ती तयार केलेली आहे, तिची लांबी ७ मीटरहून अधिक आहे आणि तिच्यात ५४ स्तंभ आहेत. तिच्यातील मजकूर कुमरानची वस्ती उभी राहण्याच्या कितीतरी आधीचा आहे, म्हणून रचनेचा प्रश्न तेथील रहिवाशांपर्यंत येतच नाही. ही प्रत एका हातची की दोन हातांची, यावर दीर्घकाळ मतभेद होते. २०२१ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या म्लादेन पोपोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरांच्या आकाराचे संगणकीय विश्लेषण करून, साधारण २७ व्या स्तंभापाशी हात बदलतो, असे दाखवले. दोन्ही अक्षरे इतकी सारखी आहेत की दोन्ही नक्कलकार एकाच पद्धतीत तयार झालेले असावेत.

आता याच गुंडाळीचा ३३ वा स्तंभ जवळून पाहावा. यशयाच्या ४० व्या अध्यायातील ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ या वचनांपाशी मूळ नक्कलकाराने काही शब्द लिहिलेलेच नाहीत. सारखेच शब्द दोनदा आल्यामुळे त्याची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरली असावी, हे नेहमीचे स्पष्टीकरण आहे; परंतु जुन्या ग्रीक भाषांतरातही हे शब्द नसल्यामुळे त्याच्यासमोरची प्रतच आखूड असावी, असेही काही अभ्यासक मानतात. पुढे दुसऱ्या कोणीतरी ते शब्द ओळींच्या वर व समासात, उभे उतरत जाणाऱ्या अक्षरांत भरले आणि ईश्वराचे नाव आले तेथे नाव न लिहिता चार ठिपके दिले. हे अक्षर ओळखीचे आहे. पहिल्याच गुहेत मिळालेली ‘समाजाचा नियम’ ही गुंडाळी ज्या हाताने उतरवली, तोच हा हात आहे, आणि त्या गुंडाळीतही यशयाचे वचन उद्धृत करताना ईश्वराच्या नावाच्या जागी चार ठिपकेच आहेत. म्हणजे पंथाच्या नियमांची प्रत करणाऱ्या माणसाने, बहुधा त्याच्या आधीच्या पिढीत तयार झालेली यशयाची प्रत हाती घेऊन दुरुस्त केली. रचणारा वेगळा, उतरवणारे दोघे वेगळे, दुरुस्त करणारा व वापरणारा वेगळा. गुहेत ठेवणारा कोण, हे यावरूनही ठरत नाही.

म्हणून कोणताही पुरावा समोर आला की पहिली पायरी ही: तो या चारांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे समासात लिहून ठेवावे. वादातील निम्मा गोंधळ एवढ्यानेच निवळतो.

प्राचीन साक्षी शेजारी ठेवून वाचाव्यात

एसीन पंथाची कल्पना जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील एलाझार सुकेनिक यांनी १९४८ मध्येच मांडली. तेव्हा केवळ पहिल्या गुहेतील मोजक्या गुंडाळ्या लोकांना माहीत होत्या आणि योगायोगाने त्यांत पंथाचे नियम सांगणारी गुंडाळी होती. याची आठवण ठेवावी, कारण ५०० हून अधिक हस्तलिखितांचे तुकडे देणारी चौथी गुहा सापडली १९५२ मध्ये. ती आधी सापडली असती, तर पहिला तर्क कदाचित वेगळा झाला असता. कारण पंथाची खूण नसलेले साहित्य तिच्यात विपुल आहे.

या तर्काचा आधार तीन प्राचीन लेखकांवर आहे. रोमन लेखक प्लिनी सांगतो की मृत समुद्राच्या पश्चिमेला एसीन राहतात. त्यांच्यात स्त्रिया नाहीत, पैसा नाही, सोबतीला केवळ खजुरीची झाडे आहेत, आणि त्यांच्या खाली एन-गेदी हे किनाऱ्याजवळचे ठिकाण आहे. ‘खाली’ म्हणजे दक्षिणेला असे मानले, तर हे वर्णन कुमरानला जुळते. इस्रायली पुरातत्त्वज्ञ यिझहार हिर्शफेल्ड यांनी ‘खाली’ म्हणजे उतारावर असा अर्थ घेऊन एन-गेदीच्या वरच्या बाजूस मिळालेल्या लहान खोपट्यांच्या जागेकडे बोट दाखवले. अलेक्झांड्रियाचा फिलो आणि इतिहासकार योसेफस हे दोघे अधिक तपशील देतात. एसीनांची संख्या चार हजारांहून अधिक होती असे दोघेही सांगतात. आणि ते एकाच नगरात नव्हे तर प्रत्येक नगरात राहत, असे योसेफस स्पष्ट लिहितो. हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. ज्या पंथाची माणसे गावोगाव पसरलेली होती, त्याचे सगळे ग्रंथ एका ओसाड टेकाडावर लिहिले गेले पाहिजेत असा आग्रह मग राहत नाही.

योसेफसच्या ‘यहुदी युद्ध’ या ग्रंथाचे दुसरे पुस्तक आणि ‘समाजाचा नियम’ शेजारी उघडून ताडून पाहावे. योसेफसच्या म्हणण्याप्रमाणे नव्या उमेदवाराला एक वर्ष बाहेर ठेवतात, मग अधिक शुद्ध पाण्याच्या स्नानाला जवळ घेतात, आणखी दोन वर्षे त्याची पारख करतात आणि भयंकर शपथा घेतल्यावरच सामाईक अन्नाला हात लावू देतात. नियमाच्या गुंडाळीतही आधी पारख आहे, मग एक वर्ष, मग दुसरे वर्ष. दुसऱ्या वर्षी उमेदवाराची मिळकत नोंदवून घ्यायची, पण खर्च करायची नाही, आणि सामाईक पेयाला त्याने स्पर्श करायचा नाही. वर्षांची संख्या तंतोतंत जुळत नाही, परंतु टप्प्याटप्प्याने शुद्धीच्या जवळ घेण्याची रचना जुळते. त्याहून नेमका दुवा एका क्षुल्लक वाटणाऱ्या नियमात आहे. एसीन लोक मंडळींच्या मध्ये किंवा उजव्या बाजूला थुंकत नाहीत, असे योसेफस नोंदवतो. आणि सभेच्या मध्ये थुंकणाऱ्याला ३० दिवसांची शिक्षा, असे नियमाची गुंडाळी सांगते.

साम्ये मोजायची नसतात, तोलायची असतात. शुद्धीचे स्नान, एकत्र भोजन, शास्त्रपठण ही त्या काळच्या अनेक यहुदी मंडळींची लक्षणे होती. ती कितीही जुळली तरी ओळख पटत नाही. टप्प्याटप्प्याच्या प्रवेशासारखी किंवा थुंकण्याच्या नियमासारखी, सहसा कोणी कल्पनेने जोडणार नाही अशी बारीक गोष्ट जुळली, तर तिचे वजन जास्त. आणि विसंगतीही त्याच तराजूत टाकाव्यात. ‘एसीन’ हे नाव एकाही गुंडाळीत आढळत नाही. ती मंडळी स्वतःला ‘यहद’, म्हणजे एकत्र आलेला समाज, म्हणवते. प्लिनी ब्रह्मचर्य सांगतो, पण ‘दमास्कस लेख’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात छावण्यांत राहून विवाह करणाऱ्या व मुले होणाऱ्या सदस्यांसाठी नियम आहेत, आणि महिन्याला निदान दोन दिवसांची कमाई सामाईक निधीत द्यावी असे सांगितले आहे. म्हणजे उरलेली कमाई स्वतःकडे राहत होती. या ग्रंथाच्या मध्ययुगीन प्रती सॉलोमन शेख्टर यांना कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या कोठीत मिळाल्या व १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्याचेच तुकडे पुढे कुमरानच्या तीन गुहांत निघाले. विवाह करणारीही एक एसीन शाखा होती असे योसेफस म्हणतो, म्हणून ही विसंगती प्राणघातक नाही. परंतु एकाच वस्तीचा एकच नियम होता, हे चित्र तिने नक्कीच मोडते.

विधिनियमाच्या पुराव्याला त्याची जागा द्यावी

१९८४ मध्ये एलिशा किमरॉन आणि जॉन स्ट्रग्नेल यांनी चौथ्या गुहेतील, सहा प्रतींच्या तुकड्यांवरून जुळवलेल्या एका पत्रवजा लेखाची माहिती विद्वानांपुढे ठेवली. १९९४ मध्ये तो अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे वीस विधिनियमांवर लेखकाची मंडळी आणि प्रतिपक्ष यांच्यातील मतभेद नोंदवले आहेत. त्यांतील एक नियम धारेचा आहे. शुद्ध भांड्यातून अशुद्ध भांड्यात पाणी ओतले, तर खालच्या भांड्याची अशुद्धी धारेवाटे वर चढते का? लेख म्हणतो, धार दोहोंना वेगळे करीत नाही. वरची आणि खालची ओल एकच. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या यहुदी विधिनियमांच्या संहितेत हाच वाद नोंदवला आहे. तेथे सदूकी आपल्या विरोधी पक्षाला, म्हणजे परूश्यांना, दूषण देतात की तुम्ही ओतल्या जाणाऱ्या धारेला शुद्ध ठरवता. म्हणजे गुंडाळीतील मत सदूक्यांच्या बाजूचे आहे.

या व अशा आणखी काही नियमांवरून न्यूयॉर्क विद्यापीठाचे लॉरेन्स शिफमन यांनी प्रतिपादले की या पंथाची मुळे सदूकी याजकवर्गात आहेत. हा युक्तिवाद वाचताना त्यांचे म्हणणे नेमके काय आहे ते पाहावे. योसेफस ज्या श्रीमंत, जेरुसलेमवासी सदूक्यांचे वर्णन करतो ते गुंडाळ्यांचे कर्ते होते, असे ते म्हणत नाहीत, आणि तसे म्हणणे टिकणारही नाही. दैव आणि देवदूत यांना तो पक्ष मानत नव्हता असे प्राचीन लेखनात नमूद आहे, तर कुमरानचे पंथीय ग्रंथ देवदूतांनी आणि पूर्वनियत भाग्याच्या कल्पनेने भरलेले आहेत. शिफमन यांचा रोख उगमावर आहे: इ. स. पू. दुसऱ्या शतकात ग्रीक राजसत्तेविरुद्ध झालेल्या मक्कबी उठावानंतर मुख्य याजकपद दुसऱ्या घराण्याकडे गेल्यावर फुटून निघालेला एक गट जुना याजकी कायदा घेऊन बाहेर पडला आणि पुढे वेगळा पंथ बनला. हे मान्य केले, तरी तोच पंथ ग्रीक लिहिणाऱ्या लेखकांना एसीन या नावाने माहीत असणे अशक्य ठरत नाही. दोन मते एकमेकांना खोडतात असे लेखांच्या मथळ्यांवरून वाटते. प्रत्यक्षात एक उगमाबद्दल बोलते आणि दुसरे ओळखीबद्दल.

उत्खननात वस्तू आधी, तिचे नाव नंतर

कुमरानचे मुख्य उत्खनन जेरुसलेममधील एकोल बिब्लिक या फ्रेंच संस्थेचे डॉमिनिकन धर्मगुरू रोलाँ द व्हो यांनी १९५१ ते १९५६ या काळात केले. पायऱ्यांचे स्नानकुंड, हजाराहून अधिक भांडी असलेली कोठी, पूर्वेला अकराशेच्या आसपास कबरी, आणि वस्तीचा नाश इ. स. ६८ मध्ये रोमन सैन्याकडून झाल्याच्या खुणा त्यांनी नोंदवल्या. ३० क्रमांकाच्या जागेत वरचा मजला कोसळून पडलेले, गिलावा केलेले लांबट बैठे बांधकाम मिळाले, आणि त्याच ठिकाणी शाईच्या दौती. द व्हो यांनी तिला ‘लेखनशाळा’ म्हटले. पुढे पॉलीन दोन्सेल-वूत यांनी ते बांधकाम भोजनगृहातील आसनांचे अवशेष ठरवले आणि वस्तीला ग्रामीण वाडा मानले. हिर्शफेल्डही जमीनदाराच्या वाड्याच्या बाजूचे होते. १९९३ पासून दशकभर तेथे खोदकाम करणाऱ्या यित्झाक मागेन आणि युवाल पेलेग यांनी मोठ्या कुंडाच्या तळाशी मिळालेल्या मातीच्या थरावरून वस्तीला भांडी बनवण्याचे केंद्र म्हटले. येथे वाचकाने ‘दौती’, ‘गिलाव्याचे लांबट बांधकाम’, ‘मातीचा थर’ या वस्तू एका रकान्यात आणि ‘लेखनशाळा’, ‘वाडा’, ‘कारखाना’ ही नावे दुसऱ्या रकान्यात लिहावीत. पहिल्या रकान्यावर जवळजवळ सर्वांचे एकमत आहे. दौती सापडल्यामुळे तेथे लेखन होत होते, एवढे मान्य करावेच लागते. गुंडाळ्याच उतरवल्या जात होत्या, हे मात्र त्यातून आपोआप निघत नाही. भांड्यांची भट्टी असणे आणि पंथाची वस्ती असणे यांतही विरोध नाही.

एक अक्षर कसे वाचले यावर किती काही अवलंबून असते, हे १९९६ च्या उत्खननात मिळालेल्या खापरावरून कळते. वस्ती आणि दफनभूमी यांच्यामधील भिंतीच्या पायथ्याशी ते सापडले. कोणी एक मनुष्य दुसऱ्याला मालमत्ता देत असल्याचा तो लेख आहे. अंजीर आणि जैतून यांचा त्यात उल्लेख येतो. आठव्या ओळीत फ्रँक मूर क्रॉस आणि एस्तेर एशेल यांनी ‘यहद’ हे नाव वाचले, आणि पंथात प्रवेश करताना सदस्य आपली मिळकत समाजाला देत असल्याचा हा प्रत्यक्ष दस्तऐवज ठरला. वस्ती आणि गुंडाळ्या यांना जोडणारा याहून थेट पुरावा मिळणे कठीण. पण प्राचीन हिब्रू अक्षरवळणाच्या जाणकार आदा यार्देनी यांनी तीच अक्षरे ‘आणि इतर प्रत्येक झाड’ असे वाचले. झाडांच्या यादीनंतर हे वाचन ओघातच येते, आणि मला ते अधिक संभाव्य वाटते. एखाद्या लेखात या खापराचा उल्लेख ‘यहद’ हे नाव गृहीत धरून, दुसरे वाचन न सांगता केलेला आढळला, तर त्या लेखकाच्या इतर विधानांकडेही सावधपणे पाहावे.

द व्हो यांच्या चित्राला सर्वांत मोठा धक्का देण्याचा प्रयत्न शिकागो विद्यापीठाचे नॉर्मन गोल्ब यांनी १९८० पासून केला. त्याआधी जर्मन विद्वान कार्ल हाइनरिख रेंगस्टोर्फ यांनी हा मंदिराचा ग्रंथसंग्रह असावा असे सुचवले होते. गोल्ब यांनी ते जेरुसलेममधील अनेक ग्रंथसंग्रहांपर्यंत विस्तारले. त्यांच्या मते कुमरान हा किल्ला होता, आणि इ. स. ७० मध्ये जेरुसलेम रोमनांच्या हाती पडण्यापूर्वी ग्रंथ वाळवंटातील गुहांत लपवण्यात आले. त्यांचे मुद्दे वजनदार आहेत. वस्तीच्या अवशेषांत एकही गुंडाळी मिळालेली नाही. हस्ताक्षरे शेकड्यांनी वेगवेगळी आहेत, ती एका लहान वस्तीत कशी मावतील? तिसऱ्या गुहेत १९५२ मध्ये मिळालेल्या तांब्याच्या पत्र्यावर ६४ ठिकाणी पुरलेल्या प्रचंड संपत्तीची यादी आहे; ती कोणा निर्धन पंथाची असणार नाही. मसादाच्या किल्ल्यावरही कुमरानसारखेच ग्रंथ सापडले, तेव्हा हे साहित्य एका पंथापुरते नव्हते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे तितक्याच लक्षपूर्वक ऐकावे. चौथी गुहा वस्तीच्या अगदी समोर, त्याच मातकट कड्यात खोदलेली आहे. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जोडी मॅग्नेस दाखवतात की सातव्या ते नवव्या गुहांकडे जाण्याची वाट वस्तीतूनच जाते. परक्यांनी तेथे ग्रंथ ठेवले आणि रहिवाशांना पत्ता लागला नाही, हे मानणे अवघड आहे. गुहांतील उंच दंडगोल रांजण वस्तीतल्या रांजणांच्याच घडणीचे आहेत. हस्ताक्षरे पुष्कळ आहेत हे खरे, पण आदा यार्देनी यांनी एकाच नक्कलकाराची पन्नासहून अधिक हस्तलिखिते वेगवेगळ्या गुहांतून ओळखली आहेत. जेरुसलेमच्या निरनिराळ्या ग्रंथसंग्रहांतून घाईने बाहेर काढलेल्या ग्रंथांत एकाच हाताची एवढी दाटी सहज होत नाही. आणि संग्रहाची निवडही बोलकी आहे. एस्तेर वगळता हिब्रू बायबलच्या प्रत्येक पुस्तकाचा काही अंश आहे, पंथ मानत असलेल्या ३६४ दिवसांच्या पंचांगाचे अनेक लेख आहेत, परंतु परूश्यांच्या बाजूने किंवा सत्ताधारी याजकराजांच्या गौरवार्थ लिहिलेले साहित्य नगण्य आहे. अख्ख्या राजधानीचा संग्रह इतका एकतर्फी असेल का, हा प्रश्न गोल्ब यांच्या मांडणीला शेवटपर्यंत अडचणीचा राहिला.

प्रयोगशाळेला विचारायचे तेवढेच विचारावे

कार्बन कालमापनाने चामडे ज्या जनावराचे होते ते केव्हा मेले, याचा अंदाज येतो. लिहिणाऱ्याचा पंथ त्यातून कळत नाही. तरीही तारखा महत्त्वाच्या आहेत. पंथाची वस्ती उभी राहिली ती, मॅग्नेस यांच्या मते, इ. स. पू. १०० नंतर; आणि चौथ्या गुहेतील शमुवेलाच्या पुस्तकाची एक प्रत अक्षरवळणावरून इ. स. पू. तिसऱ्या शतकातील ठरते. अशी प्रत बाहेरून आणली गेली, यात शंका नाही. जून २०२५ मध्ये पोपोविच यांच्या गटाने कार्बनच्या नव्या चाचण्या आणि संगणकीय अक्षरविश्लेषण यांची सांगड घालून बऱ्याच हस्तलिखितांचा काळ आणखी मागे नेला. हे निष्कर्ष स्थिरावले, तर बाहेरून आलेल्या प्रतींचा वाटा वाढेल.

शाईच्या तपासणीने उलट दिशेची साक्ष दिली. मृत समुद्राच्या पाण्यात क्लोरीनच्या तुलनेत ब्रोमीन विलक्षण जास्त आहे. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या इरा राबिन यांना ‘आभारस्तोत्रांच्या’ गुंडाळीच्या शाईत हेच प्रमाण आढळले, म्हणजे ती शाई त्या परिसरातील पाण्यात कालवली होती. ही गुंडाळी पंथाच्या मुख्य ग्रंथांपैकी आहे, हे लक्षणीय. २०२० मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या ओदेद रेखावी व नोआम मिझ्राही यांच्या गटाने चामड्यातील डीएनए तपासला. बहुतेक तुकडे मेंढीचे निघाले. यिर्मयाच्या पुस्तकाचे काही मात्र गाईचे. यहुदियाच्या वाळवंटात गाई पोसणे शक्य नव्हते, म्हणून ते चामडे अन्यत्र तयार झालेले असावे. दोन्ही प्रयोग खरे आहेत, आणि ते वेगवेगळ्या गुंडाळ्यांबद्दल बोलतात. ‘विज्ञानाने सिद्ध केले’ असा मथळा दिसला की किती हस्तलिखिते तपासली आणि कोणती, हे आधी शोधावे.

मला काय दिसते

हा सगळा पुरावा चार प्रश्नांवर वाटून दिला, तर माझा कल असा होतो. गुहांत ग्रंथ ठेवण्यात वस्तीतील लोकांचा हात होता आणि पंथीय ग्रंथ ते वापरत होते, हे बरेच पक्के आहे. प्रतींपैकी काही तेथे उतरवल्या गेल्या. पुष्कळशा बाहेरून आल्या. रचनेचा विचार केला, तर बायबलची पुस्तके आणि हनोख या प्राचीन पुरुषाच्या नावावरील ग्रंथांसारखे लेखन पंथाच्या आधीचे आहे, आणि पंथीय नियमही एका वस्तीचे नसून अनेक ठिकाणी पसरलेल्या चळवळीचे आहेत. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे जॉन कॉलिन्स यांनी ही शेवटची बाजू सविस्तर मांडली आहे आणि तीच मला सर्वांत जास्त पटते. त्या चळवळीला एसीन म्हणणे संभाव्य आहे, पण या नावावर वादातील इतर काहीही टेकवू नये. एसीन नावाचा पंथच नव्हता, तो प्राचीन लेखकांनी रचलेला आदर्श होता, असे जेरुसलेमच्या राहेल एलिओर म्हणतात. ग्रंथ सादोकवंशीय, म्हणजे सादोक या प्राचीन मुख्य याजकाच्या वंशातील, याजकांचे आहेत हा त्यांच्या मतातील भाग विचारार्ह आहे, मात्र तीन स्वतंत्र लेखकांची साक्ष एकदम बाजूला सारण्याइतका आधार मला त्यात दिसत नाही.

ख्रिस्ती उगमाच्या दाव्यांवर फार वेळ खर्च करण्याची गरज नाही. १९७२ मध्ये स्पॅनिश विद्वान होसे ओ’कॅलाहान यांनी सातव्या गुहेतील एका चिमुकल्या ग्रीक तुकड्यात मार्ककृत शुभवर्तमान ओळखल्याचे जाहीर केले; त्या तुकड्यावर पूर्ण वाचता येणारा शब्द ‘आणि’ एवढाच आहे. पंथीय ग्रंथांत ‘नीतिमत्त्वाचा शिक्षक’ म्हणून येणारा पंथाचा गुरू म्हणजे येशूचा बंधू याकोब, हे रॉबर्ट आइझेनमन यांचे मत, या शिक्षकाचा उल्लेख असलेल्या, हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरील भाष्याच्या हस्तलिखिताच्या काळाशी जुळत नाही.

बाजारातून आलेल्या तुकड्यांबाबत मात्र फार दक्ष राहावे. २००२ नंतर विक्रीस आलेल्या तुकड्यांतील अनेक बनावट निघाले. वॉशिंग्टनमधील म्युझियम ऑफ द बायबलकडील सर्वच्या सर्व १६ तुकडे आधुनिक बनावट असल्याचे मार्च २०२० मध्ये जाहीर झाले. एखाद्या युक्तिवादाचा आधार अशा तुकड्यावर असेल, तर तो तुकडा कोणत्या उत्खननात, कोणत्या गुहेत मिळाला, हे आधी पाहावे.

ते पाहण्यासाठी हस्तलिखितांचे संकेत वाचता आले पाहिजेत. आधीचा अंक गुहेचा, क्यू म्हणजे कुमरान, आणि पुढे ग्रंथाचे संक्षिप्त नाव किंवा अनुक्रमांक. ४क्यू१७५ म्हणजे चौथ्या गुहेतील १७५ वे हस्तलिखित. ते ‘समाजाचा नियम’ उतरवणाऱ्याच हाताचे आहे. इस्रायलच्या पुरावस्तू प्राधिकरणाचे लिऑन लेव्ही डिजिटल ग्रंथालय २०१२ पासून सर्वांना खुले आहे, आणि यशयाची मोठी गुंडाळी इस्रायल म्युझियमच्या संकेतस्थळावर स्तंभाक्रमाने पाहता येते. वाचनाला ‘समाजाचा नियम’ या गुंडाळीच्या पाचव्या ते सातव्या स्तंभापासून सुरुवात करावी आणि सोबत योसेफसच्या दुसऱ्या पुस्तकाचा आठवा अध्याय ठेवावा. त्यानंतर दमास्कस लेख, मग धारेचा नियम असलेले चौथ्या गुहेतील पत्र. विद्वानांची पुस्तके त्यानंतर उघडावीत, आणि ती १९९१ नंतरची असतील असे पाहावे. कारण चौथ्या गुहेतील तुकड्यांची छायाचित्रे त्या वर्षी कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयाने सर्व अभ्यासकांना खुली केली, आणि त्याआधीचे बरेच निष्कर्ष तो पुरावा न पाहताच काढलेले आहेत.